तिसऱ्या बाकावरची साध्वी

४ मे, रविवार

सगळ्यात आधी शेजारची शिंपीणच आली. तिला कोण सांगतं देव जाणे. पाहुणे यायला अर्धा तास होता तर ही आमच्या स्वैपाकघरात उभी, हातात सुईदोरा — म्हणे पडद्याची शिवण उसवलीय असं ऐकलं. शिवण तिनेच घातलेली, मागच्या महिन्यात. मग खिडकीशी गेली आणि तिथूनच बातम्या द्यायला लागली. "आजी, तिघं आहेत. एक दाढी, एक फाईल, एक बाई. दाढी दमलीय."

आणि आले ते त्याच क्रमाने. दाढीवाले गुरुजी — शास्त्रशाळेत चाळीस वर्षं शिकवतात म्हणे, पाळक होणारे सगळे त्यांच्या हाताखालून जातात. मग फाईलवाले, बसतानासुद्धा फाईल मांडीवरून खाली ठेवेनात. आणि एक बाई, सगळं लिहून घेणारी, बोलणारी नव्हे. मी तिला दोन बिस्किटं जास्त दिली.

वरच्या कचेरीची माणसं ही. माझ्या नातवाला इथल्या चर्चमध्ये पाळक होऊन अकरा महिने झाले. पहिलं वर्ष पारखायचं असतं. मग कायम करायचं की नाही हे ही तिघं ठरवणार. नाही केलं तर परत वरच्या कचेरीत पाकिटांवर पत्ते लिहायला, आधी लिहीत होता तसा. आणि हे घर रिकामं करायचं — पाळकाचं घर आहे, आपलं नव्हे. मला हे स्वैपाकघर फार आवडतं. सकाळी नऊला उन्ह टेबलापर्यंत येतं.

चहा झाला. फाईलवाल्यांनी फाईल उघडली. "पाळकसाहेब, तुमची प्रवचनं आम्ही वाचली. फार छान. पण तुम्ही त्यात एका प्राचीन साध्वीची वचनं देता. अकरा आहेत. ही साध्वी कोण?"

नातवाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. मी बिस्किट खात होते, तेच खात राहिले.

"ग्रंथ कोणता? पान?"

"ग्रंथ नाही साहेब," नातू म्हणाला. कान लाल. "ती... तोंडी परंपरा आहे."

"तोंडी परंपरा," गुरुजी म्हणाले आणि डोळेच मिटले. "मला वाटलंच. मी वाचलंय तिचं. मूळ भाषेत."

मला ठसका लागला. शिंपिणीने पाठ चोळली.

५ मे, सोमवार

आता हे मला कुणाला तरी सांगायलाच पाहिजे, आणि शिंपिणीला सांगायची सोय नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून या वहीत भिजवते. ही वही नातवानेच दिली. म्हणाला, आजी, रोज थोडं मन इथं मोकळं करत जा. मंडळीला सांगतो तेच मला सांगितलं. चौथीपर्यंत शिकलेय मी, अक्षर कोंबडीचे पाय, पण वाचणार कोण.

तर — ती साध्वी मी आहे.

झालं असं. त्याचा पहिला रविवार. आदल्या दिवशी तो स्वैपाकघरात कपाटासमोर उभा राहून प्रवचनाचा सराव करत होता. विषय, उद्याची काळजी करू नका. त्यात 'अस्तित्व' हा शब्द सात वेळा. मी म्हटलं, "अरे, मी एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या. उद्याच्या चादरी आज धुता येत नाहीत. त्या अजून कुणीतरी पांघरून झोपलंय." तो हो म्हणाला आणि परत अस्तित्वाला लागला.

दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर दोन पानं एकमेकांना चिकटली. त्याला पुढचं आठवेना. घाम फुटला. आणि तोंडातून माझ्या चादरी बाहेर पडल्या. मग घाबरला — पाळकाने पहिल्याच दिवशी आजीचं सांगितलं तर काय म्हणतील — म्हणून पुढे जोडलं, "...असं जुन्या काळच्या एका साध्वीने म्हटलं आहे."

काय सांगू. झोपलेला दातांचा डॉक्टर उठून बसला. खिशातून पेन काढलं. आज त्याच्या दवाखान्यात खुर्चीच्या वर, जिथे आ करून बघावं लागतं तिथे, माझ्या चादरी लावलेल्या आहेत.

त्यानंतर त्याला सोडवेना. मंडळीच विचारायला लागली, या रविवारी साध्वी काय म्हणते? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ, त्या रविवारी साध्वी म्हणाली — दुसऱ्याच्या चादरीवरचा डाग दिसतो कारण ती दोरीवर असते, आपली आपण अंगाखाली घेऊन बसलेलो असतो. पाववाल्याने ते दुकानाच्या पाटीवर लिहिलं. पाव कमी खपले म्हणे, लोक वाचून खाली मान घालून जायला लागले.

मला लाज वाटायला पाहिजे. नाही वाटत. मी तिसऱ्या बाकावर बसते, मधल्या वाटेच्या कडेला, आणि माझं बोलणं झालं की शेजारणी उसासा टाकतात. मीसुद्धा टाकते. एखाददा आधीच टाकला जातो.

७ मे, बुधवार

चित्रकलेच्या मास्तरांनी साध्वीची तसबीर काढलीय! पाहुण्यांना दाखवायला आज चर्चच्या मागच्या दालनात लावली. उंच बाई. बगळ्यासारखी मान. गाल बसलेले, डोळे छताकडे, एक हात छातीवर. उपाशी दिसते बिचारी. मी बसले की बाकावर दोन माणसांची जागा लागते, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

मास्तर म्हणाले, "आजी, तुम्ही शनिवारी दालन पुसता ना? हिच्यावर ओलं फडकं नको. कोरडं. आणि हळू."

म्हटलं, "हो मास्तर. हिला जपून पुसते."

तिथेच फाईलवाल्यांना शंका आली. गालावर मारलं तर दुसराही गाल पुढे करा या प्रवचनात साध्वीने म्हटलंय, 'पण आधी चष्मा काढून ठेवावा'. ते म्हणाले, "गुरुजी, प्राचीन काळी चष्मे होते का?"

गुरुजींनी दाढीवरून हात फिरवला. "मूळ भाषेत तो शब्द वेगळा आहे. चष्मा म्हणजे इथे अहंकार."

मी तसबिरीमागे जाऊन कोळिष्टक काढायला लागले. चष्मा म्हणजे चष्मा. धुलाईखान्यात एका मुकादमिणीने मला थोबाडीत मारली होती, तेव्हा फुटला. नवा यायला दीड महिना लागला आणि दीड महिना मी उशांचे अभ्रे चादरींच्या गठ्ठ्यात घातले. एवढीच त्याची मूळ भाषा.

हसून हसून पोट दुखलं. नातू नाही हसला.

९ मे, शुक्रवार

आज सरावाला उभाच राहिला नाही. टेबलाशी बसून राहिला, माझ्यासमोर, उन्हात. या रविवारचा शास्त्रभाग आहे — तुमचं हो म्हणजे हो असावं आणि नाही म्हणजे नाही, त्यावर काही चढवायचं तर ते वाईटाकडचं. पाहुणे पहिल्या बाकावर असणार.

"आजी, यावर काही बोल ना."

मला काय, मी बोलले. "घडीत सगळ्याच चादरी पांढऱ्या. दाखवायची तर उलगडून दाखवावी."

बोलून गेले आणि मग बघते तर त्याचं तोंड उतरलेलं. मग म्हणाला, "मी अकरा महिने घडी दाखवतोय."

"अरे, मी आपलं उगाच—"

"नाही. बरोबर आहे. मी व्यासपीठावर उभा राहून लोकांना सांगतो खरं जगा. आणि तिथंच उभा राहून थापा मारतो. रविवारी सांगून टाकतो."

आता खरं लिहायचं तर लिहिते. मी त्याला अडवलं. म्हटलं, दोन आठवडे थांब. कायम हो. मग सांग, कोण काय करतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"आजी, हे शास्त्रात नाही."

"नसू दे. शास्त्रात हे घर रिकामं करायचंसुद्धा नाही."

मग म्हणाला, "तुला घराचं वाटतंय की साध्वीचं?"

दुष्ट. माझ्या पोटातलं ओळखतो. लहानपणी बिस्किटांचा डबा लपवायचे तेव्हासुद्धा थेट डब्याशीच जायचा. मी उठून भांडी घासायला लागले, घासलेलीच. रानात प्रभूला मोहात पाडायला सैतान आला होता ना, तो काही शिंगं लावून आला नसणार. असाच कुणीतरी घरातला, काळजीपोटी, हातात फडकं घेऊन.

१० मे, शनिवार

दालन पुसलं. तिला कोरड्या फडक्याने, हळू. म्हटलं, बाई, उद्या आपलं संपलं.

११ मे, रविवार

उभा राहिला. हातात कागद नव्हता. आवाज सुरुवातीला फाटला, मग लागला.

म्हणाला, "ज्या साध्वीची वचनं मी तुम्हाला सांगत आलो, ती प्राचीन नाही. ती माझी आजी आहे. तिसऱ्या बाकावर बसली आहे. मी तुमच्याशी खोटं बोललो. मला क्षमा करा."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं आता धरणी दुभंगावी, निदान बाक तरी. शिंपिणीचा हात तोंडावर. पाववाला अर्धवट उठलेला.

आणि मग दातांच्या डॉक्टरने डोळे पुसले. मोठ्याने म्हणाला, "वा."

मग सगळीकडून उसासे. कुणीतरी रडायलाच लागलं. उपासना संपल्यावर माझ्याभोवती ही गर्दी. एकेक येऊन माझा हात हातात घेतेय. "किती सुंदर दृष्टांत दिला हो पाळकसाहेबांनी. खरंच, प्रत्येकाची आजी साध्वीच असते." चित्रकलेचे मास्तर म्हणाले, "मला माझी आजी आठवली. आयुष्यभर मला आळशी म्हणाली. पण आज वाटलं, साध्वीच ती."

मी म्हटलं, "अहो, ती खरंच मीच—"

"हो हो," सगळे म्हणाले आणि गाल कुरवाळायला लागले. माझे!

नातू व्यासपीठाच्या पायरीवर बसलेला. गुरुजी त्याच्यापाशी जाऊन म्हणाले, "नम्रतेचा असा धडा मी चाळीस वर्षांत ऐकला नाही." फाईलवाले मागे उभे, तोंड कडू. "ते ठीक आहे. पण संदर्भ?"

१२ मे, सोमवार

जेवला नाही. मला म्हणतो, "खोटं बोललो तर खरं मानलं. खरं बोललो तर दृष्टांत मानला. आता काय करू, ओरडू?"

म्हटलं, लिहून दे. कागदावरचं फाईलवाल्यांना कळतं.

बसून लिहिलं. चार ओळी, दृष्टांत नाही, उपमा नाही. दातांच्या डॉक्टरकडे पाहुणे उतरलेत तिथे स्वतः नेऊन दिलं. मी दारात उभी राहून बघत होते. पाठ ताठ ठेवून गेला. हे मी सांगितलं नव्हतं त्याला, पाठ कशी ठेवायची ते.

मला आनंद झाला हे नवल आहे. साध्वीपण गेलं, घर जाईल, आणि मी दारात हसतेय. शिंपीण म्हणाली, "आजी, दात दुखतोय का?"

१३ मे, मंगळवार

तिघं आली. या वेळी बिस्किटांना हात नाही. नातवाला फाईलवाल्यांनी बाहेरच्या खोलीत बसवलं आणि स्वैपाकघराचं दार लोटून घेतलं. मी टेबलाच्या या बाजूला, ती तिघं त्या बाजूला. आयुष्यात परीक्षा एकदाच दिली होती, चौथीची. त्यात मी पेपरावर शाई सांडली होती.

"आजीबाई, मी वाचतो. तुमचं असेल तर हो म्हणा. नसेल तर नाही."

"बरं साहेब. बाकी काही चढवत नाही."

लिहिणाऱ्या बाईंनी मान खाली घातली. हसल्या असाव्यात.

पहिलं वाचलं. चादरी. हो. दुसरं, डाग. हो. चष्मा — हो, आणि मुकादमिणीची सगळी गोष्ट सांगितली, थोबाडीत कुठल्या हाताने मारली तेही. गुरुजी ऐकत होते आणि हळूहळू त्यांचा चेहरा असा झाला, जसा गरम पाण्यात आटलेला लोकरीचा सदरा. मला वाईट वाटलं त्यांचं. मूळ भाषेत वाचलं होतं बिचाऱ्यांनी.

चौथं हो. पाचवं हो. सहावं, सातवं. आठवं अर्धं माझं, अर्धं माझ्या मेलेल्या नवऱ्याचं, तेही सांगितलं. नववं हो. फाईलवाले प्रत्येकापुढे खूण करत होते. प्रत्येक 'हो' म्हणजे नातवाचं तेवढं कमी. मला आधी कळलंच नव्हतं हे. मी आपली गाल फुगवून हो हो म्हणत सुटलेली.

मग दहावं वाचायची पाळी आली तर गुरुजी म्हणाले, "हे मी वाचतो." कागद हातात घेतला. लाल रेघ होती त्याखाली.

"ज्याला क्षमा करायची त्याच्या दाराशी रिकाम्या हाताने जा. काही घेऊन गेलास तर आपण काय दिलं तेवढंच लक्षात राहील."

वाचून झाल्यावर कागद खाली ठेवला. म्हणाले, "आजीबाई, माझा एक धाकटा भाऊ आहे. बारा वर्षं बोललो नव्हतो. हे वाचलं आणि गेलो. हात खिशात घालून उभा राहिलो, कारण कुठे ठेवायचे कळेना. त्याने दार उघडलं. तेव्हा तुमचे आभार मानतो. साध्वी असा वा नसा."

मी तोंड उघडलं. हो म्हणायला उघडलं होतं, लपवत नाही. एवढा मोठा माणूस आभार मानतोय.

पण ते माझं नव्हतं.

"नाही साहेब," म्हटलं. "हे माझं नाही. मी कुठून सांगणार. मी माझ्या थोरल्या जावेला अजून क्षमा केलेली नाही. सदतीस वर्षं झाली. आणि तिच्याकडे गेलेच तर रिकाम्या हाताने नाही जाणार, लाटणं घेऊन जाईन."

लिहिणाऱ्या बाई या वेळी उघड हसल्या. पेन खाली पडलं.

"मग कुणाचं?" फाईलवाले.

"मला काय माहीत? मी ते उपासनेत ऐकलं, तुमच्यासारखंच. मला वाटलं बोलले असेन कधीतरी, आणि विसरले. मी फार बोलते ना." आणि तेवढ्यात लख्ख झालं. मी उठून दार उघडलं. बाहेर नातू खुर्चीच्या टोकावर बसलेला, दाढी करताना गालावर कापून घेतलेलं. "अरे, रिकाम्या हातांचं कुणाचं?"

तो गोरामोरा झाला. "ते... माझंच. पण नुसतं माझं म्हणून कोण ऐकणार, म्हणून तिच्या नावावर घातलं."

म्हणजे बघा. माझी बोलणी साध्वीच्या नावावर, आणि याचीही साध्वीच्या नावावर. स्वतःच्या नावावर काय, तर 'अस्तित्व'.

फाईलवाल्यांनी फाईल मिटली. त्यांचं म्हणणं, हे असं किती आहे कळायला मार्ग नाही. कधी आजीचं सांगितलं, कधी आपलं, आणि आता आजी नातवाला वाचवायला 'नाही' म्हणत नसेल कशावरून? गुरुजी म्हणाले, जावेचं ऐकल्यावर माझी खात्री पटली. फाईलवाले म्हणाले, खात्री लिहिता येत नाही. अर्धा तास वाद. चहा निवला, दुसरा केला, तोही निवला.

शेवटी ठरलं. आम्ही विषय देतो. पाळकसाहेबांनी एकट्याने प्रवचन तयार करावं. आजीबाईंनी त्याबद्दल चकार शब्द बोलायचा नाही, सल्ला नाही, खाकरणं नाही, मान हलवणं नाही. आम्ही येऊन ऐकू. त्यावर कायम, किंवा परत पाकिटं. हे बाईंनी लिहून घेतलं आणि माझी खाली सही. 'खाकरणं' हा शब्दसुद्धा आहे त्यात.

विषय, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करा.

आता काय म्हणावं. भिंतीपलीकडे शिंपीण राहत असताना या विषयावर मी बोलायचं नाही! माझ्याकडे चौदा उत्तरं तयार आहेत.

१४ मे, बुधवार

नातवाशी फक्त मिठाबद्दल बोलले. त्यातही शास्त्र येतं, तुम्ही पृथ्वीचं मीठ आहात, म्हणून मधेच थांबले.

१५ मे, गुरुवार

शिंपीण आली. काय झालं, का झालं, दार का लोटलं होतं. मी सहीचा कागद दाखवला. वाचून म्हणाली, "शेजाऱ्यावर प्रीती? मग माझ्याबद्दलच आहे की. मी त्यांना काही सांगू का?" तिला हाताला धरून तिच्या दारापर्यंत पोचवलं.

नातू खोलीत. कागद चुरगळल्याचा आवाज येतो. आधी मोजत होते, मग सोडलं.

१६ मे, शुक्रवार

दुपारी स्वैपाकघराच्या दाराशी आला. "आजी, एकच वाक्य दे. सुरुवात तेवढी." मी दार लावून घेतलं आणि कडी घातली. सही केलीय.

पावलं गेली नाहीत. थोड्या वेळाने बंद दारासमोर उभा राहून बोलायला लागला, पूर्वी कपाटासमोर बोलायचा तसा. मी घोटभर पाणी तोंडात घेऊन तसंच धरून बसले. माझा भरवसा नाही.

बोलता बोलता मधे थांबला. मी टोकायचे तिथे थांबायची सवय आहे त्याला. मी वाट बघितली. पाणी गिळलं. तरी टोकावं असं काही तोंडात आलं नाही. चौदातलं एकही नाही.

तो पुढे बोलायला लागला.

पाहुणे रविवारी दहाला येतो म्हणालेत.